डावं-उजवं करतो मेंदू!

एक कोरा कागद घ्या, त्यावर आडवी रेघ ओढा आणि नुसत्या अंदाजाने तिच्या मध्यावर खूण करा. मग पट्टीने मोजा. मी हे लंच टाइममध्ये करून पाहिलं, तर खूण चक्क दोन मिलिमीटर डावीकडे! चष्म्याचा नंबर वाढलेला नाही बरं का. बहुतेकांचं थोडंफार असंच होतं. बॉवर्स आणि हाइलमन या अमेरिकन संशोधकांनी १९८० मध्ये त्याला नावही दिलं, ‘स्यूडोनिग्लेक्ट’.

आपल्या मेंदूच्या दोन भागांत सतत रस्सीखेच चालू असते. उजवा भाग आपलं लक्ष डावीकडे ओढतो, डावा उजवीकडे. त्यात उजवा जरा वरचढ, म्हणून खूण सरकते.

गंमत इथे संपते. कारण उजव्या भागात स्ट्रोक झाला, की काही जणांची डावीकडची दुनियाच गायब होते. डोळे ठणठणीत, पण ताटातली डावी बाजू, म्हणजे चटणी, कोशिंबीर, लिंबू, सगळं तसंच. दाढी अर्धीच. १९७८ मध्ये इटलीत बिसियाक आणि लुझात्ती यांनी अशा दोन रुग्णांना सांगितलं, ‘मिलानच्या कॅथेड्रलसमोर उभे आहात असं समजा, काय दिसतंय?’ त्यांनी फक्त उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता कॅथेड्रलकडे पाठ करा. झालं! मघाशी गाळलेल्या इमारती आल्या आणि आधीच्या गळाल्या. आठवण शाबूत होती, लक्षच तिकडे जात नव्हतं.

मग दुखावलेल्या उजव्या भागाला जागं करायचं? संशोधकांनी उलटंच केलं. डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय ठोक्यांनी मोकाट सुटलेल्या डाव्या भागाला शांत केलं. २०१२ मध्ये रोममधल्या प्रयोगात दोन आठवड्यांच्या अशा सेशन्सनंतर रुग्णांची चाचण्यांमधली कामगिरी सुधारली. अर्थात हा रामबाण नाही, सगळ्यांना सारखा गुण येत नाही.

आणि हो, ‘फोकस वाढवा’ म्हणून ऑनलाइन मिळणारे करंटवाले हेडबँड? मी तरी घेणार नाही. रस्सीखेचीत एका बाजूला जोर दिला की दुसरीचं काय होतं, हे जाहिरातीत कुठे लिहितात?

रुग्णांसाठी थेरपिस्टकडे एक साधी युक्तीही आहे. पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची. ती दिसेपर्यंत मान वळवायची, मगच ओळ वाचायला घ्यायची. रोज, पुन्हा पुन्हा.