समईचे चित्र

कुंभकोणम हे कावेरीच्या काठचे जुने नगर. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास स्थापिलेल्या तंजावरच्या मराठी राज्यात ते मोडत असे, आणि घरात मराठी बोलणारी काही कुटुंबे त्या भागात आजही नांदत आहेत. पितळेच्या भांड्यांसाठी हा परिसर प्रसिद्ध आहे. जवळच्या नाच्चियारकोइल गावी ज्या उंच समया घडतात त्यांना तमिळमध्ये ‘कुत्तुविळक्कु’ म्हणतात. आपल्याकडील देवघरातली समई तिची सख्खी बहीणच म्हणावी लागेल. मुलांना वस्तुचित्र शिकविण्यासाठी हिच्यासारखी दुसरी घरगुती वस्तू क्वचितच सापडेल.

आठनऊ वर्षांच्या मुलासमोर समई ठेवून ‘हिचे चित्र काढ’ असे सांगितले म्हणजे बहुधा एकच गोष्ट घडते. बैठकीची खालची कड तो सरळ रेषेने काढतो, कारण समई जमिनीवर सपाट बसलेली त्याला ठाऊक असते. वरचे तबक मात्र तो पूर्ण गोल काढतो, कारण तबक गोल असते हेही त्याला ठाऊक असते. पाच वातींची पाच टोके फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे चहूकडे सारखी पसरतात. येथे हात चुकलेला नसतो. मूल दिसते ते न काढता जाणते ते काढीत असते. फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी १९२७ साली बालचित्रांवरील आपल्या ग्रंथात या प्रवृत्तीचे विवेचन केले आहे.

यावर शाळेतला नेहमीचा उपाय म्हणजे फळ्यावरचे टप्पे. गुरुजी एक रेघ ओढतात, वर्ग ओढतो. गुरुजी वाटोळे काढतात, वर्ग काढतो. तासाच्या शेवटी चाळीस वह्यांत चाळीस सारख्या समया तयार होतात आणि पालक संतुष्ट होतात. परंतु त्या मुलापुढे दुसऱ्या दिवशी साधा कंदील ठेवला तर ते गोंधळते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी तांब्या आणि बादली अक्षरशः पाठ करून जाणारी मुले असतात. त्यांना तांब्याचे चित्र येते. तांब्या पाहणे येत नाही. पुढे ‘मला चित्रकला येत नाही’ असे ठरवून ती कागद कायमचा बाजूस सारतात, हे अधिक वाईट.

टप्पे हवेतच; पण ते फळ्यावर न शोधता वस्तूत शोधावेत. नाच्चियारकोइलचे ओतारी समई एकसंध ओतीत नाहीत. बैठक, खांब, तेलाचे तबक आणि माथ्यावरची ‘प्रभै’ असे चार भाग वाळूच्या साच्यांत निरनिराळे ओतले जातात, कातावर फिरवून गुळगुळीत केले जातात आणि मग मळसूत्राने एकमेकांत बसविले जातात. घरची समईही बहुधा अशीच सुटी होते. चित्रापूर्वी मुलाने ती स्वतः उलगडावी, भाग चटईवर मांडावेत आणि पुन्हा जोडावेत. जोडण्याचा जो क्रम तोच काढण्याचा क्रम. कातावर फिरलेल्या वस्तूला एक मधली रेषा असते आणि तिच्या दोन्ही बाजू सारख्या भरतात. म्हणून कागदावर पहिली रेघ ती उभी मध्यरेषा.

दुसरा प्रश्न मापाचा. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै येथे देवांच्या पंचधातूच्या मूर्ती घडविणारे स्थपती नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापतात आणि तिला ठराविक घड्या घालून तोंड, छाती, गुडघे यांच्या जागा ठरवितात. ही युक्ती मुलांनी खुशाल उचलावी. समईच्या उंचीची कागदी पट्टी कापून तिच्या आठ समान घड्या घालाव्यात आणि कागदावरील मध्यरेषेचेही आठ भाग करावेत. पट्टी समईशी धरली की तबक कितव्या घडीवर आहे हे कोणी न सांगता समजते. तबक मध्यावर आहे असे मुलाला वाटत असते. पुष्कळ समयांत ते बरेच वर निघते. हा धक्का उपयोगाचा असतो.

सर्वांत कठीण म्हणजे तिरपे दिसणारे वर्तुळ. त्यासाठी समई क्षणभर बाजूला ठेवून फुलपात्र घ्यावे. कुंभकोणमच्या घरी कॉफीचा पितळी टंबलर हाताशी असेल, तोही चालेल. ते डोळ्यांच्या रेषेत धरले तर काठ केवळ एक सरळ रेघ दिसतो. हळूहळू खाली नेले तर ती रेघ उघडत जाते, लांबट वाटोळी होते, आणि अगदी पायाशी ठेवून वरून पाहिले तरच पूर्ण गोल होते. हे मुलाने दहा वेळा करावे, घाई नको. मग समई चौरंगावर आणि मूल जमिनीवर असे बसवावे की तबक त्याच्या नजरेच्या थोडे खाली येईल. तबकाचे वाटोळे अरुंद आणि त्याहून खाली असलेल्या बैठकीचे अधिक उघडे का, ते त्याला आपोआप कळते. बैठकीची पुढची कड वाकलेली काढताना हात आता अडत नाही. एवढे मात्र पाहावे की वाटोळ्याची दोन्ही टोके पानासारखी टोकदार होऊ नयेत. मुले ही चूक हटकून करतात.

वातींची पाच टोके याच वाटोळ्यावर बसतात. कडेची लांब दिसतात, समोर आलेले आखूड आणि रुंद. कोणते टोक कोठे येते ते ठिपक्यांनी आधी मांडावे. पहाटे दारात ठिपके मांडून कोलम काढणाऱ्या तिकडच्या मुलींना, किंवा ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना, हे सांगावेही लागत नाही.

छायाप्रकाशाचे येथे फारसे सांगायला नको. पितळेवरची झळाळी म्हणजे कोरा सोडलेला कागद, एवढे पुरे. रबर मात्र शेवटपर्यंत देऊ नये. मध्यरेषा आणि घड्यांच्या खुणा चित्रात राहिल्या तरी बिघडत नाही. राहिली माथ्यावरची प्रभै. कोठे ती हंसाच्या आकाराची असते, कोठे नुसता कळस असतो. हा भाग वाटोळा नसल्याने मध्यरेषेचा नियम तेथे नेहमी लागू पडत नाही, आणि तो मुलाने स्वतः पाहून, कोणाचेही साहाय्य न घेता काढावा.