महाविद्यालयीन मानसशास्त्राचे अध्यापन आणि विद्यार्थ्यांचा बौद्धिक विकास

फ्रॉइड, स्किनर व रॉजर्स यांचे विचार शिकवून झाले की "सर, यातले खरे कोणते?" हा प्रश्न मानसशास्त्राच्या वर्गात हमखास येतो. हा प्रश्न अज्ञानाचा नसून ज्ञानाकडे पाहण्याच्या एका अवस्थेचा निदर्शक होय.

हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम पेरी यांनी विद्यार्थ्यांच्या मुलाखतींच्या आधारे 1970 मध्ये बौद्धिक विकासाच्या नऊ अवस्था मांडल्या. प्रारंभी विद्यार्थ्याला उत्तर बरोबर किंवा चूक एवढेच दिसते. पुढे मतभिन्नता मान्य होते. परंतु 'ज्याचे त्याचे मत' म्हणून तो मोकळा होतो. त्यानंतर पुराव्यावर मतांची पारख होऊ लागते व अखेरीस अनिश्चितता पत्करून तो विचारपूर्वक भूमिका घेतो. पेरी यांचे विद्यार्थी बहुतांशी पुरुष होते. मेरी बेलेन्की व सहकाऱ्यांनी 1986 मध्ये 135 स्त्रियांच्या मुलाखतींतून 'मौन' ही अवस्था नोंदविली. आपल्यालाही मत असू शकते, हेच तिथे गृहीत नसते. वर्गातील शांत मुलींना 'हुशार पण अबोल' ठरविण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

खरी अडचण दुसऱ्या टप्प्याची. अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे प्रसिद्ध असलेल्या शिरपूर जैन येथील अध्यापकाला याकरिता परिचित आधार उपलब्ध आहे. अनेकांतवादाचा 'सर्वांचेच खरे' असा सवंग अर्थ लावला जातो. वस्तुतः विधान कोणत्या दृष्टीने व कोणत्या मर्यादेत केले, हे सांगण्याचे बंधन 'नय' आणि 'स्यात्' या संकल्पना घालतात. मानसशास्त्रीय सिद्धांतालाही हीच कसोटी लावता येते.

लॉफ्टस व पामर यांचा 1974 चा प्रयोग घ्यावा. अपघाताची चित्रफीत पाहिलेल्यांना मोटारी एकमेकींवर 'आदळल्या' असे विचारले असता वेगाचा सरासरी अंदाज ताशी 40 मैलांहून अधिक आला. 'टेकल्या' अशा सौम्य शब्दाने तो 31.8 वर उतरला. यावरून स्मृतीच बदलली, की केवळ उत्तर? येथे निष्कर्ष आधी सांगू नये. विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजूंचा पुरावा मांडावा. अर्थात, ज्याला आजवर तयार उत्तरच मिळाले, त्याला हा अनुभव आधार काढून घेतल्यासारखा वाटतो. म्हणून त्याच्या अवस्थेपेक्षा एकच पायरी वरचे आव्हान द्यावे व सोबत आश्वासक अभिप्राय असावा.

प्रश्नपत्रिका मात्र 'सिद्धांत स्पष्ट करा' एवढेच विचारीत राहिली, तर विद्यार्थी गाइडकडेच वळेल, आणि त्यात त्याची चूक नाही. निदान अंतर्गत मूल्यमापनात तरी 'कोणता सिद्धांत या प्रसंगास अधिक लागू पडतो व का?' असा एक प्रश्न घालणे अध्यापकाच्या हाती आहे.