मूर्खाची ओळख : बायबलातील शहाणपण

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी झाला. त्यांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे, आणि त्याच दशकाचा शेवटचा समास पढतमूर्खाचा आहे. तेव्हा मूर्ख कोणाला म्हणावे, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. ख्रिस्ती घरांतही तो फार जुना आहे. तेथे त्याचे उत्तर बायबलातील ‘नीतिसूत्रे’ या एकतीस अध्यायांच्या पुस्तकात शोधतात. त्या पुस्तकाची ओळख आज आम्हाला करून द्यावयाची आहे. आम्ही पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली, आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर व रात्रीच्या दिव्याखाली झाले. म्हणून जे सांगू ते रोजच्या व्यवहाराला घासून सांगू.

नीतिसूत्रे एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नाहीत. आरंभी शलमोन राजाचे नाव आहे. पण पंचविसाव्या अध्यायात हिज्कीया राजाच्या माणसांनी काही सूत्रे उतरवून काढल्याची नोंद आहे. तिसावा अध्याय आगूराचा, तर एकतिसाव्यात लमुएल राजाला त्याच्या आईने केलेला उपदेश आहे. मधल्या काही सूत्रांचे प्राचीन मिसर देशातील एका उपदेशग्रंथाशी जवळचे साम्य असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. शहाणपण परक्याच्या घरचे असले तरी घ्यावे, हा पहिला धडा त्या पुस्तकाच्या घडणीतच आहे.

हे पुस्तक मराठीत आणण्यासाठी अनेकांनी कष्ट केले. पंडिता रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायामाणसांना समजेल असे संपूर्ण बायबल मराठीत केले. रमाबाई १९२२ साली वारल्या. भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. हिब्रूची आठवण येथे मुद्दाम केली. आपण ज्याला सरसकट ‘मूर्ख’ म्हणतो, त्याला त्या भाषेत निरनिराळे शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दाचा माणूस वेगळा आहे.

पहिला ‘पेथी’. हा भोळा. मनाचे दार सताड उघडे. कोणीही यावे आणि काहीही सांगून जावे. ऐकलेला प्रत्येक शब्द तो खरा मानतो. पण हा अजून हाताबाहेर गेलेला नाही. त्याला शिकविता येते, आणि पुस्तकाच्या आरंभीच त्याच्यासाठी हे लिहिले असे म्हटले आहे. दुसरा ‘केसील’, म्हणजे जाड्या बुद्धीचा. त्याला समजत नाही असे नव्हे, समजून घ्यावयाचेच नसते. एकाच खड्ड्यात तो पुन:पुन्हा पडतो. तिसरा ‘एवील’. याचा राग नाकाच्या शेंड्यावर. भांडण त्याला भाकरीसारखे लागते, आणि आपला मार्ग तेवढा सरळ असे त्याला वाटते. उखळात घालून मुसळाने कांडला तरी त्याचा मूर्खपणा निघत नाही, असे सूत्रकार म्हणतो. चौथा ‘लेत्स’ म्हणजे टवाळ. कोणी चांगले बोलू लागला की हा हसतो. चूक दाखविणाऱ्याचाच द्वेष करतो. असल्या माणसाला बाहेर काढले की तंटा आपोआप मिटतो, हा अनुभव सभा चालविणाऱ्या प्रत्येकाला असेल.

पाचवा ‘नाबाल’. ज्याचे ज्याला देणे आहे ते न देणारा, देवाचे नाही आणि माणसाचेही नाही. या नावाचा एक माणूसच शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पंचविसाव्या अध्यायात भेटतो. ती कथा आम्ही कितीतरी कामगारांना सांगितली आहे.

नाबालापाशी तीन हजार मेंढरे आणि एक हजार शेरडे होती. दावीद अजून राजा झाला नव्हता. आपल्या माणसांसह रानोमाळ फिरत होता. त्या माणसांनी नाबालाच्या मेंढपाळांना त्रास दिला नाही; उलट रात्रंदिवस भिंतीसारखे त्यांचे रक्षण केले. लोकर कातरण्याचा हंगाम आला. हा मालकाच्या घरी आनंदाचा आणि देण्याघेण्याचा काळ. दाविदाने दहा तरुण पाठवून नम्रपणे काहीतरी मागितले. नाबालाने विचारले, कोण हा दावीद? हल्ली मालकांना सोडून पळणारे चाकर फार झाले आहेत! आपली भाकरी, आपले पाणी, आपले मांस ठाऊक नसलेल्यांना का द्यावे, असे म्हणून त्याने त्यांना रिकाम्या हाताने परत लावले.

येथवर नाबालाचा मूर्खपणा. पण कथा पुढे आहे, आणि तीच अधिक महत्त्वाची आहे. हे ऐकताच दाविदाने चारशे माणसांच्या कमरेला तलवारी बांधल्या. सकाळपर्यंत नाबालाच्या घरचा एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही, अशी शपथ घेतली. त्याची मागणी रास्त होती, अपमानही खरा होता. आणि तरी त्या क्षणी तो नाबालाच्याच रांगेत जाऊन उभा राहणार होता. त्याला वाचविले दोघांनी. एक चाकर धावत नाबालाच्या बायकोकडे, अबीगईलकडे गेला. मालक असा आहे की त्याच्याशी कोणाला बोलताच येत नाही, असे त्याने तिला सांगितले. तिने दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच रांधलेली मेंढरे, हुरडा, मनुका व अंजिरे गाढवांवर लादली आणि ती वाटेतच दाविदापुढे उभी राहिली. पुढे तू राजा होशील तेव्हा विनाकारण सांडलेल्या रक्ताची बोच तुझ्या मनाला राहू नये, हा तिच्या बोलण्याचा मथितार्थ. दाविदाने ऐकले. एका बाईने भररस्त्यात अडविले म्हणून त्याला कमीपणा वाटला नाही. उलट त्याने तिचे आभार मानले. शहाणा आणि मूर्ख यांतील अंतर एवढेच. राग दोघांनाही येतो. एकाला वाटेत थांबविता येते, दुसऱ्याला येत नाही.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यातील एक कामगार संध्याकाळी आमच्याकडे आला आणि पर्यवेक्षकाने आपल्यावर हात टाकला, असे सांगू लागला. आम्ही त्याचे ऐकले. दुसऱ्या कोणाला विचारले नाही. तासाभरात द्वारसभा घेतली आणि दुसरी पाळी बाहेर काढली. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते हे आम्हाला पाठ होते, पण त्या वेळी आठवले नाही, किंवा आठवून घ्यावयाचे नव्हते. पुढे कळले की धक्काबुक्की दोघांनीही केली होती आणि आरंभ आमच्याच माणसाने केला होता. संप बेकायदेशीर ठरला. कायम कामगार वाचले; सात हंगामी कामगारांना पुन्हा कामावर घेतले नाही. त्यांपैकी एकाची बायको आमच्या दारी आली. भांडली नाही. “भाऊ, तुम्ही विचारून तरी घ्यायचं होतं,” एवढेच म्हणून गेली. ऐकून घेण्याआधी उत्तर देणे ही लाजेची गोष्ट आहे, आणि फिर्यादीत पहिला बोलणारा नेहमीच खरा वाटतो, दुसरा येऊन तपासणी करीपर्यंत. ही दोन्ही सूत्रे नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात आहेत. आम्ही ती त्या दिवसाआधी वाचली होती. वाचूनही उपयोग न करणारा तो पढतमूर्ख. तेव्हा समर्थांनी आमचेही माप आधीच घेऊन ठेवले होते.

मूर्खपणा टाळावा कसा, याचे नीतिसूत्रांतील उपाय साधे आहेत. राग आला की तो त्याच दिवशी दाखवू नये. बेत एकट्याने न करता अनेकांच्या सल्ल्याने करावा. परक्यासाठी जामीन राहू नये, आणि राहिलाच असाल तर पारध्याच्या हातून हरिण सुटते तशी सुटका करून घ्यावी. पतपेढीच्या कागदावर मित्राखातर डोळे मिटून सही करणाऱ्या आणि पुढे दरमहा स्वत:च्या पगारातून हप्ता कापला जाताना पाहणाऱ्या कामगाराला या सूत्राचा अर्थ सांगावा लागत नाही. मुंगीचेही उदाहरण आहे. तिच्यावर मुकादम नाही, तरी ती उन्हाळ्यातच बेगमी करते.

मूर्खाला उत्तर द्यावे की नाही? सव्विसाव्या अध्यायात लागोपाठ दोन सूत्रे आहेत. पहिले म्हणते, देऊ नये, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. दुसरे म्हणते, द्यावे, नाहीतर तो स्वत:ला शहाणा समजेल. पुष्कळांना ही विसंगती वाटते. आम्हाला यात मोठा व्यवहार दिसतो. शिवीला शिवी देऊ नये. पण चारचौघांत खोटा आकडा सांगितला जात असेल तर खरा आकडा सांगितलाच पाहिजे. कोठे कोणते सूत्र लावावे हे ओळखणे, हेच शहाणपण.

आता ख्रिस्ती माणसाला आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. येशूने वाळूवर घर बांधणाऱ्याला मूर्ख म्हटले. कोठारे मोठी करून निश्चिंत झालेल्या आणि त्याच रात्री मरणाऱ्या धनवानालाही मूर्ख ठरविले. पण आपल्या भावाला रागाने ‘मूर्खा’ म्हणण्यास त्यानेच सक्त मनाई केली. म्हणजे वर दिलेली यादी शेजाऱ्याच्या कपाळी चिकटविण्यासाठी नाही. तो आरसा आहे. दुसरी गोष्ट पौलाची. जगाला जे वेडेपण वाटते ते सर्वच मूर्खपण नसते, असे तो करिंथकरांस लिहितो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा करावयास घेतला, तेव्हा व्यवहारी माणसांनी त्याला काय म्हटले असेल, याची कल्पना करता येते. मग वेडेपण आणि मूर्खपण यांत फरक काय? आमच्या मते कसोटी सोपी आहे. किंमत कोण मोजतो ते पाहावे. टिळकांनी स्वत:चे वेतन सोडले. आम्ही त्या संध्याकाळी सात घरांचे सोडले.

नीतिसूत्रांत ज्ञान देवळात बसलेले नाही. ते हमरस्त्यावर, चव्हाट्यावर आणि नगराच्या वेशीत उभे राहून हाका मारते. इस्राएलात वेस म्हणजे न्यायसभा आणि बाजार, दोन्ही. आपले शहर तर दरवाजांचेच. मलिक अंबराने १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे, आणि त्यात आता वाळूज–चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या फाटकांची भर पडली आहे. फाटकापाशी दोन आवाज नेहमीच असतात. एक आत्ताच्या आत्ता चला म्हणतो, दुसरा आधी विचारून या म्हणतो. पहिला मोठ्याने बोलतो. दुसरा ऐकावयाचा तर जरा थांबावे लागते. आम्ही अलीकडे थांबतो.