‘मम्मी कहाँ है इसकी?’ : दोन पुरुष, एक मूल आणि गोंदियाचं दूध

रायपूरहून नागपूरला जाणारी दुपारची गाडी. सीटवर दादा, मी आणि आमच्या मधे दादाची अडीच वर्षांची मुलगी. घरी तिला आम्ही छोटीच म्हणतो. वहिनीच्या आईचं ऑपरेशन होतं, म्हणून वहिनी आठवडाभर आधीच माहेरी गेली होती. छोटीला घेऊन यायचं काम आमच्याकडे आलं. "जमेल ना दोघांना?" असं आईने स्टेशनवर निघेपर्यंत चार वेळा विचारलं. आम्ही चारही वेळा हसलो.

दुर्ग यायच्या आत तीन जणांनी विचारून झालं, "मम्मी कहाँ है इसकी?" राजनांदगावला डायपर बदलायची वेळ आली. ट्रेनच्या टॉयलेटमध्ये बाळाला ठेवायला जागा नसते, हे तुम्ही लहान मूल घेऊन फिरला असाल तर माहीत असेलच. दादाने तिला हवेत धरलं, मी डायपर लावलं. उलटं लावलं, हे डोंगरगडला कळलं. दादाच्या पॅन्टवरून कळलं.

पण खरी गंमत पुढे आहे. खरं तर गंमत म्हणू नये. दरेकसाचा बोगदा आला, छोटी आधी किंचाळली, मग तिला तो इतका आवडला की "पुन्हा!" म्हणून हट्ट सुरू झाला. बोगदा पुन्हा कुठून आणायचा? शेवटी दादाने स्वतःच्या मोबाइलवर कार्टून लावून तिच्या हातात दिलं आणि गोंदियाला गरम दूध आणायला खाली उतरला. गाडी सुटली. दादा नाही. आणि त्याचा फोन छोटीच्या हातात.

समोरच्या सीटवर गोंदियालाच एक काकू चढल्या होत्या. त्यांनी दादाला पाहिलंच नव्हतं. त्यांना दिसला तो पंचविशीचा एक घाबरलेला मुलगा आणि "बाबा, बाबा" करून रडणारी मुलगी, जी त्या मुलाला बाबा म्हणत नव्हती. त्यांनी आधी मला विचारलं, मग छोटीला विचारलं, मग टीसीला बोलावलं. टीसीने शांतपणे विचारलं, "बच्ची आपकी कौन है?"

पुतणी आहे, मी म्हणालो. पण दाखवू काय? पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, त्यामुळे चार्टवर तिचं नाव नव्हतं. जन्माचा दाखला घरी कपाटात. आधार कार्ड दादाच्या पाकिटात, आणि पाकीट दादासोबत. मी वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर वहिनीचा चेहरा दिसला, छोटी "आई!" म्हणून फोनला चिकटली आणि दोन मिनिटांत विषय संपला. काकूंनी मला चिवडासुद्धा दिला. दादा मागच्या जनरल डब्यात कसाबसा चढला होता, तो तुमसर रोडला धावत आला. हातातला दुधाचा कागदी कप अर्धा सांडलेला.

मला काकूंचा राग आला नाही, अजूनही येत नाही. मुलं पळवली जातात, रेल्वे पोलीस दरवर्षी स्टेशनांवर हरवलेली मुलं शोधून काढतात, 139 आणि 1098 हे नंबर त्यासाठीच आहेत. प्रश्न विचारलाच पाहिजे. मला रात्री झोप आली नाही ती दुसऱ्याच कारणाने. आमची सुटका एका फोनने झाली, कारण पलीकडे आई होती. आता असं घर डोळ्यांसमोर आणा जिथे मुलाचे दोन्ही पालक पुरुष आहेत. तिथेही डायपर उलटंच लागतं, दूध सांडतंच, गाडी सुटतेच. पण एक बाबा फलाटावर राहिला आणि दुसरा मुलासोबत डब्यात असला, तर तो दुसरा बाबा टीसीला काय दाखवणार?

आपल्याकडे उत्तर असं आहे : बहुतेक वेळा काहीच नाही. दोन पुरुषांना मिळून मूल दत्तक घेता येत नाही. दत्तक नियमांप्रमाणे जोडप्याचं किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं, आणि समलिंगी विवाहाला कायद्यात मान्यता नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी यावर निकाल दिला. दत्तकाच्या मुद्द्यावर मत 3 विरुद्ध 2 असं विभागलं गेलं आणि नियम तसाच राहिला. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. सरोगसीचा 2021 चा कायदा तर एकट्या पुरुषालाही परवानगी देत नाही.

एकटा पुरुष दत्तक घेऊ शकतो, पण फक्त मुलगा, मुलगी नाही. पुण्यात राहणाऱ्या आदित्य तिवारी यांची गोष्ट तुम्ही वाचली असेल. त्यांनी 1 जानेवारी 2016 ला डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला घरी आणलं, तेव्हा ते लग्नाचेही नव्हते. एकटा बाप मूल सांभाळू शकतो का, हा प्रश्न त्यांनाही बराच ऐकावा लागला. पण त्यांच्याकडे निदान कागद होता. दोन बाबांच्या घरात कागद एकाच्याच नावावर होतो. दुसरा रात्री ताप मोजतो, शाळेत सोडायला जातो, आणि कायद्याच्या नजरेत तो घरातला पाहुणा असतो.

कागदावाचून प्रवास अडकतो याचं मोठं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. 2010 मध्ये एका इस्रायली समलिंगी पुरुषाची जुळी मुलं तिथे सरोगसीने जन्मली. मुलं त्याचीच आहेत हे सिद्ध करायला डीएनए चाचणी हवी होती, आणि जेरुसलेमच्या एका न्यायाधीशाने तिला परवानगी नाकारली. बाप तान्ह्या जुळ्यांना घेऊन कित्येक आठवडे मुंबईत अडकून पडला. वरच्या कोर्टाने निर्णय फिरवला तेव्हा कुठे घरी जाता आलं. पुढे 2012 मध्ये भारताने व्हिसाचे नियम बदलून अशा परदेशी पालकांना दार बंद केलं. त्यातले अनेक नेपाळकडे वळले, आणि एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर इस्रायलला आपली तान्ही बाळं काठमांडूहून विमानाने न्यावी लागली. उलट्या डायपरची माझी तक्रार मी इथेच मागे घेतो.

थोडं काही बदललंही आहे. 2024 मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना एकत्र बँक खातं उघडायला अडचण नाही आणि रेशन कार्डासाठी त्यांना एकाच घरातलं मानावं. आपलं रायपूरही अशा नात्यांना अगदीच नवखं नाही. मार्च 2019 मध्ये इथे 15 ट्रान्सजेंडर वधूंची सामूहिक लग्नं धूमधडाक्यात लागली होती. पण रेशन कार्डावर शेजारी नाव आलं म्हणून कोणी पालक होत नाही.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, किंवा मावशी, काका, आजोबा कोणीही मूल घेऊन प्रवासाला निघणार असेल, तर एवढं करा. मुलाच्या जन्मदाखल्याची आणि आधारची प्रत दोघांकडे वेगवेगळी ठेवा. कायदेशीर पालकाच्या सहीचं साधं पत्र सोबतच्या माणसाकडे असू द्या : मूल कोणाचं, कोणासोबत, कुठून कुठे, फोन नंबर काय. विमानात दोन वर्षांखालच्या बाळाच्या वयाचा पुरावा लागतो, तो विसरू नका. शाळेत आणि डॉक्टरकडे दुसऱ्या माणसाचं नाव आधीच लेखी देऊन ठेवा. आणि ज्या बाबाच्या नावावर कागद आहे त्याने मृत्युपत्रात दुसऱ्याला मुलाचा पालक नेमून ठेवावं. हिंदू कायद्यात वडिलांना तशी सोय आहे. हे कोणाला बोलायला आवडत नाही, मला कळतं. वकिलाकडे जाऊन एकदाच बोला.

आठवड्याने आम्ही परतलो, तेव्हा वहिनी सोबत होती. माझ्या खिशात दादाच्या सहीचं पत्र आणि दाखल्याची प्रत होती, घडी घालून. नागपूर ते रायपूर पूर्ण प्रवासात ती छोटी कोणाची, हे एकानेही विचारलं नाही. गोंदियाला दादा दुधासाठी उठला. वहिनीने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं आणि मला पाठवलं.