झावळीची बैठक, झावळीचा दिवा

मराठी माणूस खुर्चीवर बसतो, तक्क्याला टेकतो, ठेवणीतली वस्त्रे संदुकीत ठेवतो आणि दिवाळीला दारात आकाशकंदील टांगतो. या वस्तूंची नावे फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आली, याचे स्मरण त्याला सहसा राहत नाही. अमिरातीत येऊन राहिल्यावर मात्र ‘कुर्सी’, ‘संदूक’, ‘कंदील’ हे शब्द भोवतालच्या अरबी बोलण्यात कानी पडू लागतात आणि जुन्या ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसे वाटते. यातली खरी मौज पुढेच आहे. नाव अरबस्तानातून हिंदुस्थानात गेले, पण वस्तू पुष्कळदा उलट दिशेने आली! आखाती घरांतून वधूच्या चीजवस्तूंसाठी ठेवली जाणारी, पितळी खिळ्यांच्या नक्षीने मढविलेली ‘मंदूस’ नावाची पेटी कित्येकदा मुंबई, सुरत अथवा मलबार येथल्या सुतारांनी घडविलेली असे. गलबते बांधण्याचे सागवान मलबारातून येई, तेच सागवान घरांच्या कोरीव दरवाजांनाही लागे.

याचे कारण उघड आहे. या भूमीत इमारती लाकडाचे जंगल नाही. ‘घाफ’ नावाचा शमीच्या कुळातला एक चिवट वृक्ष वाळवंटात उभा राहतो. परंतु तो सावलीचा, उंटांच्या चाऱ्याचा आणि माणसाच्या मायेचा वृक्ष. २००८ साली त्याला राष्ट्रीय वृक्षाचा मान मिळाला आणि आज त्यावर कुऱ्हाड चालविण्यास मनाई आहे. घराच्या छताला लागणारे वासे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील खारफुटीतून गलबतांनी आणावे लागत. त्या वाशांची लांबी बेताची असे. त्यामुळे जुन्या दुबईतील खोल्या अरुंद आणि लांबट झाल्या. दुबईच्या अल फहिदी भागात, ज्याला जुने लोक बस्तकिया म्हणतात, आजही त्या खोल्या पाहावयास मिळतात. खोलीची रुंदी घरधन्याच्या ऐपतीने ठरत नसून दूरदेशीच्या एका झाडाच्या उंचीने ठरत होती, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे.

लाकूडच दुर्मीळ, तेव्हा मेज-खुर्च्यांचा पसारा कोठून येणार? अमिराती घरातील जीवन जमिनीवरचे होते. मजलीस म्हणजे पाहुण्यांची बैठक. जमिनीवर चटई, तीवर लोकरी सतरंजी, भिंतीला लागून लोड-तक्के आणि मध्ये कॉफीची सुरई. महाराष्ट्रातील जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला येथे परके वाटू नये. २०१५ साली युनेस्कोने संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार या देशांच्या मजलिसीची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. ती नोंद कोणत्याही आसनाची नसून एकत्र बसण्याच्या रीतीची आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

अलीकडे दुबई, शारजा आणि अबू धाबी येथील तरुण रचनाकार ‘अमिराती वारशातून स्फुरलेले’ आणि निसर्गाला भार न होणारे सामान व दिवे घडवू लागले आहेत. त्यांच्यापुढील पेच येथूनच सुरू होतो. इंग्रज सुतारापुढे आजोबांची खुर्ची असते, चिनी सुतारापुढे शतकानुशतकांची मेजे असतात. अमिराती रचनाकाराने नक्कल करावी म्हटले तर नक्कल करण्याजोगी जुनी खुर्चीच नाही. त्याच्या हाती वारशाने आलेले आहे ते निराळेच: एक झाड, काही विणी, बसण्याची एक रीत आणि प्रखर उजेडाला लगाम घालण्याचे शहाणपण.

ते झाड खजुराचे. त्याचा एकही भाग वाया जात नसे. पातीला ‘खूस’ म्हणत. तिच्या चटया, टोपल्या, पंखे आणि ताटावर ठेवावयाची शंकूच्या आकाराची झाकणे होत. झावळीचा कणा म्हणजे ‘जरीद’, त्याच्या भिंती. खोडाभोवतीच्या काथ्यासारख्या तंतूंचे दोर. पूर्व किनाऱ्यावरचे कोळी तर झावळीच्या कण्यांचे मोळे बांधून ‘शाशा’ नावाची लहान होडी करीत आणि तीतून समुद्रात जात. महाराष्ट्रातील शिंदी ही या खजुराचीच रानटी बहीण. तिच्या पातीच्या चटया आणि फडे ज्यांच्या घरी वापरात होते, त्यांना या कामाची जातकुळी समजावून सांगण्याची गरज नाही.

झावळ्यांच्या घरास ‘अरीश’ म्हणत. कोकणातील झापांची खोप आणि कुडाची भिंत डोळ्यांपुढे आणली म्हणजे कल्पना येईल. दोन कण्यांमधल्या फटींतून वारा आत येई, ऊन मात्र बारीक रेघांपुरतेच शिरे. उन्हाळ्यात किनाऱ्यावरची कुटुंबे खजुराच्या बागांकडे मुक्काम हलवीत, तेव्हा अशीच घरे उभी राहत. त्यांचे वैगुण्य एकच, आग. १८९४ साली दुबईच्या देरा भागात लागलेल्या आगीत बहुतेक घरे भस्मसात झाली. पुढे ऐपतदार लोक प्रवाळाचे दगड आणि चुनखडीच्या बांधकामाकडे वळले. तथापि अरीशची परंपरा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत होती. सँड्रा पिएसिक या वास्तुरचनाकार बाईंनी २०१२ साली या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. आज दोन कण्यांमधली ती फट हाच नव्या रचनाकारांचा आवडता विषय होऊन बसला आहे. बाकांची पाठ, पडद्याच्या चौकटी, दिव्यांची आवरणे, सर्वत्र ती दिसते.

येथे ‘टिकाऊ’ या शब्दाविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. आजकाल निसर्गस्नेही वस्तूला टिकाऊ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु अरीश मुळीच टिकाऊ नव्हते. काही वर्षांनी ते जीर्ण होई, झावळ्या बदलाव्या लागत आणि जुन्या झावळ्या मातीस मिळत किंवा चुलीत जात. झाड तर दरवर्षी नव्या झावळ्या देतच असे. घर नाशवंत होते, म्हणूनच व्यवस्था शाश्वत होती. याच्या उलट, झावळीवर कृत्रिम राळेचा जाड थर चढवून तिला काचेसारखी चकचकीत केली, तर ती कुजतही नाही आणि तिचा पुनरुपयोगही होत नाही. अशा वस्तूस वारसा म्हणून विकणे हे झाडाचे नाव सांगून राळ विकण्यासारखे आहे. बाजारात असले सामान थोडेथोडके नाही.

खरे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. पाती वाळवतात, चिरतात, मग मऊ येण्यासाठी पाण्यात भिजवितात. काहींना उकळत्या पाण्यात जांभळा, हिरवा वा लाल रंग देतात. नंतर स्त्रिया वेणी घालावी तशी त्यांची लांबच लांब पट्टी विणतात. हिलाच ‘सफीफा’ म्हणतात. ही पट्टी पुढे सुईने चक्राकार शिवीत नेली की टोपली, चटई अथवा झाकण तयार होते. विणीची रुंदी आणि घट्टपणा बोटांच्या सवयीवर अवलंबून असतो, कागदावरच्या आकृतीत तो उतरत नाही. २०१९ साली युनेस्कोने खजुराच्या झाडाशी निगडित ज्ञान व कौशल्ये यांची अनेक अरब देशांच्या नावे नोंद केली, तीत अमिरातीही आहे. त्याआधी, २०११ साली, ‘सदू’ या बदाऊनी विणकामाची नोंद झाली होती, परंतु ती तातडीने रक्षण करावयाच्या वारशाच्या यादीत. मेंढीची लोकर, उंटाचे व शेळीचे केस यांचे सूत काढून जमिनीवर आडव्या मांडलेल्या मागावर स्त्रिया तंबूंचे कापड, सतरंज्या आणि उंटांचे साज विणीत. तंबू गेले, उंटांची वाहतूक गेली आणि विणणारे हात म्हातारे होत चालले.

म्हणून नव्या सामानाचा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. मागणी नसेल तर वीण मरते. मागणी आलीच तर ती कोणत्या भावाने, हाही प्रश्न आहेच. शारजा येथे २०१५ साली शेखा जवाहिर बिंत मुहम्मद अल कासिमी यांच्या पुढाकाराने ‘इर्थी’ ही समकालीन हस्तव्यवसायांची परिषद स्थापन झाली. दिब्बा अल हिस्न येथील कारागीर स्त्रियांना ती काम देते आणि देशोदेशींच्या रचनाकारांशी त्यांची गाठ घालून देते. दुबईत २००८ पासून चालणारी ‘तश्कील’ ही कलासंस्था ‘तन्वीन’ नावाच्या उपक्रमातून तरुण रचनाकारांना स्थानिक द्रव्ये हाताळावयास लावते. अबू धाबीच्या परिसरात झावळ्यांचा चुरा दाबून लाकडासारखे तक्ते बनविणारा कारखानाही निघाला आहे. पूर्वी छाटणीनंतर ज्या झावळ्या कचऱ्यात जात, त्यांचे कपाट होऊ शकते, ही साधी गोष्ट नव्हे.

रचनाकारांत खालिद शफर आणि अलजूद लूता ही नावे प्रथम घेतली जातात. शफर यांनी खजुराच्या झाडाची आकृती घेऊन कपडे अडकविण्याचा उभा खांब केला. लूता यांनी ‘उवैरयान’ या सदूच्या नक्षीवरून सामान रचले. याच बाईंची जपानी कागदाच्या घड्यांवरून सुचलेली ‘ओरू’ ही रचना मेलबर्नच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतली. कलावंताने सदैव स्वतःच्या अंगणातलेच फूल तोडावे असा काही नियम नाही, हेच यावरून दिसते. या सुंदर वस्तूंच्या किंमती मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. मजलिसीत ज्याचा तक्क्या त्याचाच मान असा भेद नव्हता. दालनात मांडलेल्या एकुलत्या एक आसनावर बसावयाचे कोणी, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. वस्तूखाली रचनाकाराचे नाव ठळक असते, पण सफीफा विणणारीचे नाव पुष्कळदा नसते. सुतारकाम करणारे हात तर बहुधा हिंदुस्थान-पाकिस्तानातून आलेले असतात. त्यांचा उल्लेख वारशात कोठे बसवावा, हे अजून कोणी ठरविलेले नाही.

आता दिव्यांकडे वळू. पूर्वी या घरांत तेलाचा, पुढे रॉकेलचा कंदील असे. दुबईला विजेचा पुरवठा सुरू झाला तो १९६० च्या सुमारास. विजेचे दिवे आले तरी झावळीचे आवरण त्यांच्याभोवती घालणे धोक्याचे होते, कारण तारेचा दिवा विजेचा मोठा भाग उष्णतेतच घालवितो आणि वाळलेली पाती ठिणगीची वाटच पाहत असते. एलईडी दिव्याने हे चित्र पालटले. तो त्याच उजेडासाठी विजेचा थोडाच अंश घेतो आणि आवरणाला फारसा तापवीत नाही. त्यामुळे ताटावरचे शंकूसारखे झाकण उलटे न करता तसेच छताला टांगावे, आत दिवा सोडावा, की भिंतीवर विणीची सावली पडते. अन्न झाकणारी वस्तू उजेड झाकू लागली, एवढाच काय तो फरक!

कारण या देशातील प्रकाशकलेचे मूळ प्रकाश वाढविण्यात नसून तो गाळण्यात आहे. बस्तकियातील दारांवर जिप्समच्या कोरीव जाळ्या बसविलेल्या असत. त्या वारा घेत आणि ऊन चाळून देत. अबू धाबीत नोव्हेंबर २०१७ मध्ये उघडलेल्या लूव्र संग्रहालयाचा घुमट याच तत्त्वावर उभा आहे. फ्रेंच वास्तुशिल्पी जाँ नूव्हेल यांनी खजुराच्या झावळ्यांतून गळणाऱ्या उन्हाची कल्पना मनात धरून १८० मीटर व्यासाचा, आठ थरांचा आणि ७,८५० ताऱ्यांच्या आकृत्यांचा हा घुमट रचला. दुपारी त्याखाली उभे राहिले म्हणजे फरशीवर उन्हाचे कवडसे सरकताना दिसतात. त्याच शहरातील शेख झायेद मशिदीची रात्रीची प्रकाशयोजना चंद्राच्या कलांबरोबर बदलते. पौर्णिमेला भिंती शुभ्र दिसतात, मग दिवसेंदिवस निळसर छटा गडद होत जाते. ज्या लोकांनी चांदण्यात वाळवंट ओलांडले, त्यांच्या घरच्या दिव्याला हे सुचावे यात नवल नाही.

या कलेशी प्रत्यक्ष परिचय करून घ्यावयाचा असेल तर अबू धाबीच्या कस्र अल होस्न या जुन्या किल्ल्याच्या आवारातील कारागीर-गृहात जावे. तेथे सदू आणि खूस यांची कामे जवळून पाहता येतात. अल ऐनच्या खजूरबागांतही एक फेरी मारावी. पाटांतून वाहणारे पाणी आणि डोक्यावरची झावळ्यांची जाळी पाहिली म्हणजे दिव्याची कल्पना मुळात कोठून निघाली ते आपोआप कळते. विकत घेताना वस्तू हातात घेऊन उलटी करावी. आतल्या बाजूस सुईचे टाके दिसले, पातीला वाळलेल्या गवताचा मंद वास आला आणि बोटाला राळेचा गुळगुळीत थर लागला नाही, तर ती हातची असण्याचा संभव अधिक. घरी आणल्यावर तिला पाण्याने धुऊ नये. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकावी, दिवा एलईडीचाच बसवावा आणि पाती फारच कडक झाली तर ओलसर फडक्याने एकदा हलकेच पुसावी.