बुकमार्कांची वीस वर्षे

लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे लातूर बोर्डात येतात. बारावीचा निकाल लागला की तिन्हीकडे पालकांचे तेच प्रश्न: फॉर्म निघाला का, शेवटची तारीख कोणती, गेल्या वर्षी कटऑफ कितीवर थांबला. अभ्यासाच्या लातूर पॅटर्नने डॉक्टर-इंजिनिअर घडवले, तसा फॉर्म भरून देण्याचा जोडधंदाही वाढवला. लातूरचा ट्यूशन एरिया असो की नांदेडचे श्यामनगर, अशा दुकानदाराचे खरे भांडवल प्रिंटर-स्कॅनर नव्हे, तर ब्राउझरमध्ये साठवलेल्या लिंका. त्या लावून ठेवायची साधने गेल्या वीस वर्षांत किती आली आणि गेली!

आधी होते साधे फोल्डर. मेडिकल, इंजिनिअरिंग, शिष्यवृत्ती, सातबारा. त्यातला 'मेडिकल' उघडला की धोरणांचा इतिहासच समोर यायचा. २०१३ मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी नीट ही परीक्षा आली, त्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द केली, पुन्हा राज्याची सीईटी सुरू झाली, २०१७ पासून राज्याच्या जागांनाही नीटच लागू झाली. २०१८ पर्यंत ती सीबीएसई घ्यायची, २०१९ पासून एनटीए घेऊ लागली. राज्याच्या कोट्याचे प्रवेश मात्र सीईटी सेलकडे. परीक्षा घेणारा बदलला की संकेतस्थळाचा पत्ताही बदलायचा. फोल्डर कितीही टापटीप असला तरी आतल्या निम्म्या लिंका मेलेल्या.

फोल्डरला पर्याय त्याआधीच आला होता: २००३ मध्ये जोशुआ शॅक्टर यांनी लिंका साठवायचे 'डिलिशस' हे संकेतस्थळ काढले आणि टॅगची सवय लावली. एकच लिंक 'मेडिकल', 'शिष्यवृत्ती', 'नांदेड' अशा तिन्ही नावांखाली ठेवता येऊ लागली. २००८ च्या फायरफॉक्स ३ ने हीच सोय ब्राउझरमध्ये आणली. मराठी माणसाची कटकट वेगळीच होती. तेव्हा बऱ्याच मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःच्या फॉन्टवर चालत. बातमी साठवली की शीर्षकाच्या जागी अगम्य चिन्हे उमटत, मग शोधणार कशाच्या आधारे? युनिकोड आल्यावर शीर्षके वाचता येऊ लागली, पण पत्ते फुगले. पत्त्यातले 'लातूर' कॉपी केले की टक्क्यांच्या चिन्हांसह ४५ अक्षरे होतात, 'नांदेड' ५४. एकाच गोष्टीला कुणी 'सातबारा' टॅग देई, कुणी '७/१२', कुणी रोमन लिपीत लिही. हा गोंधळ कुठल्याच सॉफ्टवेअरने स्वतःहून सोडवला नाही. आधी टॅगांची यादी ठरवून घ्यावी लागते, हे काम माणसाचेच.

मग ही साधनेच बंद पडू लागली. याहूने २००५ मध्ये घेतलेले डिलिशस हात बदलत २०१७ मध्ये 'पिनबोर्ड'ला अवघ्या ३५ हजार डॉलरना विकले गेले. गूगल बुकमार्क्स २०२१ मध्ये मिटले. २००७ पासून चाललेले 'पॉकेट' जुलै २०२५ मध्ये बंद झाले. बहुतेक वेळी वाचवले ते एका साध्या एचटीएमएल फाइलने. बुकमार्क एक्सपोर्ट केले की तिच्या पहिल्याच ओळीत आजही नेटस्केपचे नाव असते. तो ब्राउझर २००८ मध्येच संपला, पण त्याची फाइल सगळीकडे चालते.

माझ्या मते या वीस वर्षांत खरी सुधारणा एकच झाली. 'रेनड्रॉप', 'लिंकडिंग' अशी आजची सॉफ्टवेअर पत्त्याबरोबर पानाची प्रतही ठेवू शकतात. पहिल्यात त्यासाठी पैसे मोजावे लागतात; दुसरे आपल्याच संगणकावर चालवता येते, फक्त ते बसवायला थोडी माहिती हवी. प्रवेशाच्या धंद्यात ही सोय सोन्याची. पालक विचारतात तो कटऑफ गेल्या वर्षीचा, आणि नवा हंगाम सुरू झाला की संकेतस्थळ नव्याने मांडले जाते. जुनी पीडीएफ सापडली तर सापडली. म्हणून वर्ष आणि फेरी, '२०२३, फेरी-२' असे दोन टॅग मला विषयाच्या टॅगपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

अलीकडे लिंका व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवायची पद्धत पडली आहे. दोन दिवसांच्या कामाला ती ठीक, पण तिथे ना टॅग ना फोल्डर. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा टॅगवाल्यांपुढे नवा प्रश्न आला. दोन टॅग एकत्र करणे एका क्लिकचे काम. तरी दोन्ही ठेवलेले बरे: जुन्या यादीत कॉलेजच्या नावापुढे उस्मानाबादच छापलेले आहे, आणि दुकानात येणारा पालक कधी हे नाव घेतो, कधी ते.