शब्दांच्या मुळाशी : ‘ओरिजिनल’ म्हणजे जुनं की नवं?

आज नवेपणा सांगणारे इंग्रजी शब्द पाहू. परवा तहसील कचेरीत रांगेत माझ्यापुढे कॉलेजातला एक मुलगा होता. खिडकीतून विचारणा झाली, ‘‘ओरिजिनल आणलंय का?’’ त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला, घडीवर विरत चाललेला कागद हलक्या हाताने काढला. सोबतची झेरॉक्स पांढरीशुभ्र होती. म्हणजे तिथे जुना कागद ‘ओरिजिनल’ आणि नवा कागद नक्कल. याच मुलाला प्रोजेक्ट दाखवताना सर विचारतील, ‘‘यात ओरिजिनल काय आहे?’’ तेव्हा त्यांना हवं असेल ते पूर्वी कुणी न केलेलं.

एकच शब्द दोन्ही टोकांना कसा पोचला? लॅटिनमध्ये ‘ओरिरी’ म्हणजे उगवणं. त्यावरून ‘ओरिगो’, म्हणजे उगम. सूर्य उगवतो ती दिशा सांगणारा ‘ओरिएंट’ही याच कुळातला. इंग्रजीत ‘ओरिजिनल’ आला तो धर्माच्या भाषेतून. ‘ओरिजिनल सिन’ म्हणजे आदिपाप. पुढची काही शतकं त्याचा मुख्य अर्थ ‘आरंभापासून असलेलं’ हाच राहिला. अठराव्या शतकात वारं बदललं. 1759 साली एडवर्ड यंग या इंग्रज कवीने ‘कन्जेक्चर्स ऑन ओरिजिनल कॉम्पोझिशन’ हा निबंध लिहून प्राचीनांच्या अनुकरणाविरुद्ध आवाज उठवला. अस्सल कृती झाडासारखी आतून वाढते, ती जुळवून होत नाही, असं त्याचं म्हणणं. मला हे वळण फार मोलाचं वाटतं. शब्दाचा अर्थ तिथे फिरला नाही, फक्त उगमाची जागा हलली. ती प्राचीनांच्या ग्रंथांतून लिहिणाऱ्याच्या मनात आली.

हा बारकावा कायद्याने नेमका पकडलाय. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ‘ओरिजिनल’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ ‘जगात पहिलं’ असा नाही. रायगडावर एकाच जागी उभं राहून दोघांनी सूर्योदयाचे फोटो काढले आणि ते जवळजवळ सारखे निघाले, तरी ज्याचा त्याचा फोटो ज्याच्या त्याच्या मालकीचा, कारण एकाने दुसऱ्याचं उचललेलं नाही. पेटंटचं तसं नाही. तिथली कसोटी ‘नॉव्हेल्टी’ची. तुम्ही कुणाचं न पाहता, स्वतःच्या डोक्याने यंत्र शोधून काढलंत, पण ते जगात कुठेही आधी छापून आलेलं असेल, तर तुमचा दावा संपला. ओरिजिनल विचारतं, ‘कुठून आलं?’ नॉव्हेल विचारतं, ‘आधी होतं का?’ म्हणूनच 2019 च्या अखेरीस दिसलेल्या कोरोना विषाणूला ‘नॉव्हेल’ म्हटलं गेलं. त्यात कौतुक नव्हतं, आधी माहीत नसलेला एवढंच त्यातून सांगायचं होतं. या ‘नॉव्हेल’च्या मुळाशी लॅटिन ‘नोवुस’ आहे, आपल्या ‘नव’चा सख्खा भाऊ.

मराठीत ‘ओरिजिनल’ उतरवताना इथेच जपावं लागतं. कागद असेल तर ‘मूळ’, तूप असेल तर ‘अस्सल’, नाटक असेल तर ‘स्वतंत्र’. ‘अस्सल’च्या पोटातही अरबी ‘अस्ल’ आहे, म्हणजे पुन्हा मूळच. हिंदीत ‘ओरिजिनल’ला ‘मौलिक’ म्हणतात, पण मराठीत तो शब्द मोलाकडे झुकला. ‘मौलिक सूचना’ म्हणजे आपल्याला मोलाची सूचना, ती स्वतःची असो वा उसनी.

‘इनोव्हेशन’ आज पाहावं त्या जाहिरातीत भेटतं. 1548 साली इंग्लंडच्या सहाव्या एडवर्डच्या नावाने मात्र एक फर्मान निघालं होतं, चर्चच्या विधींत आपल्या मनाने ‘इनोव्हेट’ करणाऱ्यांविरुद्ध. तेव्हा तो गुन्हा होता. आता उलट ऊठसूट त्याच शब्दाने मिरवलं जातं; नुसती सुधारणा केली असेल तर तिला सुधारणाच म्हणावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

राहिला ‘ब्रँड-न्यू’. त्यातल्या ‘ब्रँड’चा कंपनीच्या नावाशी संबंध नाही. ब्रँड म्हणजे जळतं लाकूड, आग. भट्टीतून नुकतंच निघालेलं, ते ब्रँड-न्यू. शेक्सपिअर त्यालाच ‘फायर-न्यू’ म्हणतो. इंग्रजीला नवेपण हाताला चटका बसून कळलं. आपल्याला ते कानाने कळतं. दुकानातून आणलेल्या कापडाची घडी पहिल्यांदा उलगडताना खळ करकरते, म्हणून ते कोरं करकरीत.